मिनिटं विकणारी फ्लोरिंदा

फ्लोरिंदा तायपे रागीट आहे, हे आमच्या चौकात कुणाला सांगावं लागत नसे. लिमाच्या सान फर्मिन भागातल्या हमरस्त्यावर, फुटपाथच्या अगदी टोकाला ती बावीस वर्षं उभी राहिली आणि बावीस वर्षं तिनं बसवाल्यांना शिव्या घातल्या. माझं चाव्या बनवायचं खोपटं तिच्या मागे चार पावलांवर. तिच्या शिव्या ऐकता ऐकताच माझे केस पिकले. पण त्या शिव्यांमध्ये राग कमी आणि धंदा जास्त असायचा. खरा राग मी तिच्यात पाहिला तो नेलिदा गेल्यानंतर.

तिचा धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण आता तो जवळजवळ बुडालाच आहे. आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक मिनीबस कंपन्यांच्या. ड्रायव्हरला पगार नाही, जेवढे उतारू तेवढी कमाई. त्यामुळे आपल्याच मार्गावरची पुढची बस किती मिनिटांपूर्वी गेली, हे ड्रायव्हरला कळावंच लागतं. ती जवळ असेल तर पाय दाबायचा, तिला मागे टाकायचं आणि थांब्यावरची माणसं आधी उचलायची. ती लांब असेल तर रेंगाळायचं, माणसं गोळा करत जायचं. ही मिनिटं फ्लोरिंदा विकायची. हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागद, कानामागे पेन्सिल, मनगटावर पुरुषी घड्याळ. बस दिसली की ओरडायची, "एक्केचाळीस! पुढचा चार मिनिटांवर, भरलेला! त्याच्या पुढचा नवावर, रिकामा!" दारात लोंबकळणारा कंडक्टर एक नाणं भिरकावायचा. ती ते एका हातानं झेलायची आणि दुसऱ्या हातानं नव्या बसची वेळ टिपायची.

"मावशी, काल चार सांगितलेस, साडेपाच निघाले!"

"मग घड्याळ तुझ्या आईकडून आण, मेल्या! निघ, मागचा आला!"

अयाकुचोच्या डोंगरातून ती तरुणपणी खाली आली. नवरा एकदा काम शोधायला म्हणून दक्षिणेकडे गेला, तो परत आला नाही. दोन्ही मुलींना तिनं याच मिनिटांवर शिकवलं. एक आता परिचारिका आहे, दुसरी शाळेत शिकवते. दोघी म्हणायच्या, आई, आता बस कर. त्यावर ती म्हणायची, बस मी नाही, ड्रायव्हर चालवतो.

मग फोन आले. म्हणजे फोन आधीही होते, पण कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांचा एक गट केला. कार्यालयात रोमेल नावाचा एक माणूस बसायचा. त्याच्यासमोर पडद्यावर सगळ्या बस ठिपक्यांसारख्या दिसायच्या. तो दर दोन मिनिटांनी निरोप टाकायचा, अमुक नंबर, कुठे आहेस, किती उतारू, पळव, थांब, उत्तर दे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरला दुपारची मेलेली, बिनउतारूंची फेरी मिळायची. त्यामुळे फ्लोरिंदाची मिनिटं सगळ्यांना नकोशी झाली. नाणी थांबली. सकाळी शंभर बस जायच्या, त्यातल्या दहा-बारा जुन्या ओळखीनं काही टाकायच्या.

मला वाटायचं, तिचा संताप पोटासाठी आहे. एकदा मी तसं बोललोही. ती माझ्या खिडकीत हात टेकून म्हणाली, "किंतीन, पोटाचं मी बघून घेईन. बटाटे सोलीन. पण तू कधी यांच्या माना बघितल्यास? पूर्वी हे माझ्याकडे बघायचे. शिव्या देत बघायचे, पण बघायचे. माझ्या शेजारी उभं असलेलं माणूसही त्यांना दिसायचं. आता मला नुसते यांच्या डोक्यावरचे भोवरे दिसतात."

तिच्या शेजारी उभं असलेलं माणूस म्हणजे नेलिदा. सतरा वर्षं नेलिदाची काढ्याची हातगाडी तिथंच लागायची. जव, जवस, हिरवा पाला, वरून लिंबू. थंडीच्या सकाळी कामाला निघालेली माणसं गाडीला वेढा घालून उभी राहायची. नेलिदा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हातभर उंचीवरून धार धरायची, एक थेंब बाहेर जात नसे. फ्लोरिंदा जेवढी तिखट, तेवढी ही हसरी. पहिला पेला फ्लोरिंदाचा. त्यावर रोज भांडण.

"साखर किती ओततेस! मला मारायचं आहे का?"

"तुला साखर नाही मारणार गं. तुझी जीभच मारेल. पी, गरम आहे तोवर."

आणि तिसरा माणूस एदिलबेर्तो. एक्केचाळीस नंबरचा ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा, मऊ स्वभावाचा. त्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला फ्लोरिंदानं तिला हातात धरलं होतं, म्हणजे त्या पोरीची ती धर्मआई, आणि एदिलबेर्तो तिला ताई म्हणायचा. फोन आल्यावरही तो चौकात वेग कमी करून स्वतः नाणं टाकायचा. मिनिटं विचारायचा नाही. "ताई, ठेव," एवढंच म्हणायचा. ती नाणं घ्यायची आणि फोन हातात धरल्याबद्दल त्याला झापायची. "खाली ठेव ते! पोरगी बापाशिवाय वाढवायची आहे का?" तो हसून हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा हातात.

ऑगस्टमधला मंगळवार होता. धुकं खाली उतरलेलं, रस्ता ओलसर. मी खोपट्याची फळी उचलत होतो. काढ्याच्या गाडीपाशी नेलिदा आणि दोन गिऱ्हाइकं. फ्लोरिंदानं एक्केचाळीस येताना बघितली आणि सवयीनं कागदावर वेळ लिहिली, सात चौदा. मग वर बघितलं आणि ओरडली. ती मिनिटं ओरडत नव्हती हे मला पाठमोरा असतानाही कळलं, मी वळलो.

"एदिल! वर बघ! एदिल, वर!"

बस जोरात नव्हती. हे मी न्यायालयातही सांगितलं. सुसाट येऊन धडकली असती तर माणूस समजू शकतो. ही बस शांतपणे, गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखी, कडेला कडेला येत गेली. ड्रायव्हरची मान खाली. डावा हात स्टिअरिंगवर, त्याच हातात फोन, अंगठा हलतोय. गिऱ्हाइकं उडी मारून बाजूला झाली. नेलिदाच्या एका हातात भरलेला पेला होता. तिनं तो आधी खाली ठेवला. माणसाला सवय असते, भरलेला पेला टाकून द्यायचा नसतो.

पुढचं सविस्तर सांगत नाही. हातगाडी आणि खांब यांच्यामध्ये ती सापडली. रुग्णवाहिका आली तेव्हा फ्लोरिंदा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या कानाशी केचुआत, डोंगरातल्या त्यांच्या भाषेत, काहीतरी बोलत होती. नेलिदा तेव्हा ऐकत होती का, मला माहीत नाही.

एदिलबेर्तो खाली उतरून उभा होता. फोन अजून त्याच्या हातात होता. तो वाजला. पुन्हा वाजला. पडद्यावर उजेड पडायचा आणि जायचा. तेवढ्यात मोटरसायकलवरून कंपनीचा एक माणूस आला. तो नेलिदाकडे गेला नाही, उतारूंकडे गेला नाही. सरळ एदिलबेर्तोकडे गेला, त्याच्या हातातून फोन काढून घेतला, खिशात घातला आणि त्याच्या कानाशी लागून काही बोलला. फ्लोरिंदानं मांडीवरचं डोकं न हलवता हे सगळं बघितलं.

पोलिसांपुढे एदिलबेर्तोनं जबाब दिला, ब्रेक लागले नाहीत.

नेलिदाला पुरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी फ्लोरिंदा ठाण्यात गेली. मीही गेलो, साक्षीदार म्हणून. तिथल्या हवालदारानं तिचा पुठ्ठा उलटापालटा करून बघितला. "सात चौदा लिहिलंय. यातून काय कळतं?"

"कळतं की मी तिथं होते आणि डोळे उघडे होते. त्याच्या हातात फोन होता."

"फोन कुठे आहे?"

"कंपनीच्या माणसानं नेला. मी बघितलं."

"बाई, सापडला नाही म्हणजे नाही. कंपनीनं ब्रेकचा कागद दिलाय. मेकॅनिकची सही आहे."

"मेकॅनिकची सही तर मी तुला संध्याकाळपर्यंत दहा आणून देते!"

मी तिला ओढत बाहेर आणलं. पायऱ्यांवर ती थांबली आणि भिंतीवर हात आपटला. दोनदा. तळहात सोलवटला. "ब्रेक," ती म्हणाली. "ब्रेक म्हणे. म्हणजे कुणीच नाही मारलं तिला. लोखंडानं मारलं."

एदिलबेर्तोचं घर टेकडीवर. खालून पिवळ्या पायऱ्यांची रांग थेट वरपर्यंत जाते. पुढच्या सोमवारी तिनं मला खोपटं लवकर बंद करायला लावलं, कारण तिचा गुडघा दुखतो आणि तिला कुणाचा तरी दंड हवा होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आत मसूर शिजत होती. पोरगी धर्मआईला बघून पुढे आली, पण तिचा चेहरा बघून तिथंच थांबली.

"बसा, जेवून जा ताई," बायको म्हणाली.

"या घरात मी घास खाणार नाही. त्याला बोलव."

तो आतल्या खोलीतून आला. दाढी वाढलेली, अंगावर झोपायचाच सदरा. फ्लोरिंदा उभीच राहिली.

"ब्रेक लागत होते की नव्हते?"

त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मी तुला विचारते आहे, एदिल. सतरा वर्षं तिनं तुला काढा पाजला. तुझ्या पोरीला खोकला झाला तेव्हा बाटली भरून कुणी दिली? मला उत्तर दे. रोमेलला देतोस ना दर दोन मिनिटांनी? मग मला दे."

"ताई, त्यांनी सांगितलंय, ब्रेक म्हण. वकील ते देणार. सहा महिन्यांत परत कामावर घेणार. मला पोर आहे."

"नेलिदाला कुणी नव्हतं? तिची म्हातारी आई नव्हती? तू मारलंस तिला. तू! आणि वर खोटं बोलतोस. बरं, हे खोटं कुणाला वाचवतंय, याचा तरी विचार केलास? तुला? तुला जन्मभर तो चौक दिसणार आहे, ब्रेक म्हणालास तरी आणि फोन म्हणालास तरी. वाचणार तो, जो खुर्चीत बसून तुला हाका मारत होता!"

पोरगी रडायला लागली. बायकोनं तिला जवळ ओढलं. एदिलबेर्तो खाली फरशीवर बसला, भिंतीला टेकून.

"फोन त्यांनी नेला," तो म्हणाला. "पण निरोप माझ्या खात्यात आहेत. नवा घेतला, तर सगळे परत आले. मी रोज वाचतो, ताई. रोज."

"दाखव."

त्यानं फोन दिला. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून तो माझ्या हातात आला. मी दोन ओळी वाचल्या आणि थांबलो. मग तिनं तो परत त्याच्या हातात दिला.

"हे न्यायाधीशासमोर वाचायचं. तू. तुझ्या तोंडानं."

"मग मी तुरुंगात जाईन."

"जाशील. जायलाच हवं. मी तुला तिथं भेटायला येणार नाही. पण तुझ्या पोरीची फी मी भरीन, ते धर्मआईच्या शपथेत बसतं. बोल."

त्यानं मान हलवली. उतरताना मला वाटलं, आता ती रडेल. पण तिसाव्या पायरीवर ती म्हणाली, "मसूर करपत होती. त्या बाईला कुणी सांगितलं नाही."

खटला वर्षभरानं उभा राहिला. एदिलबेर्तोनं कंपनीचा वकील सोडला होता. त्यानं निरोप वाचले. आवाज इतका खाली होता की न्यायाधीशबाईंनी दोनदा मोठ्यानं वाचायला सांगितलं. मला ते पाठ आहेत. सात वाजून एक, एक्केचाळीस, मागचा तुला गाठतोय, पळव. सात तीन, किती उतारू. सात चार, उत्तर दे. सात सहा, झोपलास का. सात आठ, उतारूंचा आकडा. सात नऊ, आकडा! सात अकरा, उद्या दुपारची फेरी घ्यायची आहे का. सात तेरा, एक्केचाळीस. सात तेरा, एक्केचाळीस. सात चौदाला एदिलबेर्तोनं लिहायला घेतलेलं उत्तर, 'बावी'. बावीस लिहायचं होतं. तेवढंच राहिलं.

आणि मग त्याखाली रोमेलचे आणखी तीन निरोप. सात पंधरा, कुठे आहेस. सात सोळा, उत्तर दे. सात सतरा, तू गेलास कामातून.

नेलिदाची आई पुढच्या बाकावर होती. तिला स्पॅनिश नीट कळत नाही. ती शेजारणीला विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

एदिलबेर्तोला चार वर्षांची शिक्षा झाली. रोमेल साक्षीदार म्हणून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. सरकारी वकिलानं त्याच्या शिक्षेबद्दल विचारलं, तेव्हा न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर मला लाज दिसली, हे त्यांच्या बाजूनं सांगतो. त्या म्हणाल्या, गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला दंड आहे. निष्काळजीपणानं जीव घेणाऱ्याला शिक्षा आहे. पण चालत्या गाडीतल्या माणसाकडून उत्तर मागणं, हा गुन्हा कुठेही लिहिलेला नाही. जे लिहिलेलं नाही, त्याची शिक्षा मला देता येत नाही.

रोमेल शर्टाची बाही नीट करत बाहेर पडला. बाहेरच्या ओट्यावर फ्लोरिंदानं त्याला गाठलं. मला वाटलं, आता हात उचलते. तिनं फक्त विचारलं, "तुझं घड्याळ कुठलं?"

तो गोंधळला. "काय?"

"सात सतरापर्यंत तू एदिलला हाका मारत होतास. नेलिदा सात पंधराला गेली. तुझं घड्याळ मागे आहे." आणि ती त्याच्या पायाशी थुंकली.

मग तिनं 'लिहिलेलं नाही' हे शब्द धरून ठेवले. लिहिलेलं नाही ना, मग लिहा. सान फर्मिनच्या नगरपालिकेत जाऊन बसू लागली. नगरपालिकेला देशाचे कायदे करता येत नाहीत, पण आपल्या हद्दीतले थांबे कुणाला द्यायचे हे तिच्या हातात आहे. अर्ज मी लिहून दिला, चाव्यांच्या बिलाच्या मागे कच्चा, मग पक्का. मागण्या दोन. बस निघताना ड्रायव्हरचा फोन कंडक्टरजवळच्या कुलूपबंद पेटीत जाईल. आणि जी कंपनी चालत्या बसमधल्या ड्रायव्हरकडून उत्तर मागेल, तिचे थांबे जातील. खाली आमच्या चौकातल्या चारशे माणसांच्या सह्या, कित्येकांचे अंगठे. पाच महिने तिला आज या, उद्या या केलं. ती रोज गेली. शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून जाहीर सभा ठेवली.

सभेला हॉल भरला. एका बाजूला आमच्या चौकातली माणसं, बहुतेक बायका, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर आणि कंपन्यांची माणसं. एक नगरसेवक वकील होता, गोड बोलणारा. म्हणाला, "तुमचं दुःख आम्हाला समजतं, बाई. पण कायदा आहेच. फोन धरला तर दंड आहे. बेपर्वाईनं चालवलं तर शिक्षा आहे. प्रत्येक गोष्टीला वेगळा कायदा काढायचा म्हटलं, तर उद्या केळं खाण्याला कायदा, परवा जांभई देण्याला कायदा. किती कायदे करायचे?"

मागून ड्रायव्हर हसले.

फ्लोरिंदा उठली. "केळं ड्रायव्हरला हाक मारतं का, साहेब? केळं म्हणतं का, दोन मिनिटांत मला खाल्लं नाहीस तर उद्याचं काम गेलं? तुमचा दंड हाताला आहे. त्या हाताला ओढणाऱ्या दोरीला काही नाही. दोरी कार्यालयात बसते, चहा पिते."

आता आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. तेवढ्यात ड्रायव्हरांच्या संघटनेचा पुढारी उठला. उलिसेस त्याचं नाव, धिप्पाड माणूस, पूर्वी स्वतः एक्केचाळीस चालवायचा. त्यानं हॉलकडे तोंड केलं.

"ही बाई कोण आहे, माहीत आहे ना सगळ्यांना? बावीस वर्षं चौकात उभी राहून हीच ओरडायची. पुढचा तीनवर, पळव! मागचा आला, निघ! आम्हाला शर्यतीत कुणी उतरवलं? हिनं. आमच्याच नाण्यांवर हिच्या पोरी शिकल्या. मावशी, तुझ्या मिनिटांपायी किती माणसं मेली, याचा हिशेब आहे तुझ्याकडे? आणि आता आम्हाला कायदा शिकवतेस?"

मी तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं उलट शिवी दिली नाही. तिचा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"हो," ती म्हणाली. "मीच. तो खरं बोलतोय."

मग आवाज चढला. "दोन हजार नऊ साली उत्तरेकडच्या वळणावर सव्वीस नंबरची बस उलटली. तिला मी पाच मिनिटं आधी ओरडून सांगितलं होतं, पुढचा दोनवर आहे. दोन माणसं गेली. मी तीन दिवस झोपले नाही. चौथ्या दिवशी पुन्हा जाऊन उभी राहिले, कारण घरात पीठ नव्हतं. मला कुणी अडवलं? पोलीस समोरून जायचा, माझ्याकडून सिगारेट पेटवून घ्यायचा. कायदा असता, तर मी त्या नगरपालिकेला आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या आणि बटाटे विकायला गेले असते. शिव्या दिल्या असत्या, पण गेले असते! माणूस स्वतःहून थांबत नाही, साहेब. मी थांबले नाही. एदिल थांबला नाही. हा उलिसेस थांबला नसता. पोट थांबू देत नाही. म्हणून तर म्हणते आहे, लिहा! चांगल्या माणसांसाठी कायदा लागत नसेल. आमच्यासारख्यांसाठी लागतो."

उलिसेस उभाच होता. मग त्याच्यामागच्या रांगेतून एका तरुण ड्रायव्हरनं खाली मान घालून म्हटलं, "पेटी द्या साहेब. पेटी असली तर आम्ही सांगू शकतो, फोन माझ्याजवळ नव्हता." त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. पण बोलून झालं होतं.

ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. दोन्ही मागण्यांसकट. गोड वकील विरोधात होता.

घरी जाताना मी म्हटलं, "जिंकलीस." तिनं मला अशी शिवी दिली की ती इथं लिहीत नाही. "नेलिदा आली का परत? मग जिंकले कुठून?"

आणि तिचं बरोबरच ठरलं. निरोप थांबले नाहीत म्हणून दोन महिन्यांत कंपनीचे थांबे काढून घ्यायची वेळ आली, तेव्हा कंपनीच राहिली नाही. हिरव्या पट्ट्याच्या बसवर एका आठवड्यात नारिंगी रंग चढला, नवं नाव, नवे कागद, मालक म्हणून कुणाचा तरी मेहुणा. कार्यालय तेच, रोमेल तोच. फ्लोरिंदाला हे कळायला वेळ लागला नाही, तिला प्रत्येक बसचा पोचा ओळखू येतो. तिनं जुन्या-नव्या नंबरांची जोडी लावून पानं भरली आणि नगरपालिकेच्या तपासनिसाच्या टेबलावर आपटली. नारिंगी कंपनीचे थांबे सात महिन्यांनी गेले. त्या सात महिन्यांत याच रस्त्यावर, दोन चौक पुढे, एका शाळेच्या शिपायाचा पाय गेला. ड्रायव्हर फोनवर होता. ती त्या शिपायाला बघायला गेली.

पेट्या मात्र लागल्या. सगळ्या बसमध्ये नाही, निम्म्यांत म्हणू. काही पेट्यांच्या चाव्या मीच बनवल्या. ज्यांत फोन ठेवतात, त्या बसचे ड्रायव्हर पुन्हा वर बघून चालवतात. फ्लोरिंदा अजून तिथंच उभी असते. मिनिटं विकत नाही. पुठ्ठ्यावर नंबर आणि फोन धरलेला हात लिहिते, डावा किंवा उजवा, आणि दर शुक्रवारी पानं तपासनिसाला देते. आणि ओरडते. "सव्वीस! उजवा हात! अरे, खाली ठेव, तुझ्या उतारूंना सांगू का?" आता उतारूही आतून ओरडतात. मला तर ते ऐकायला बरं वाटतं.

एदिलबेर्तोला भेटायला ती गेली नाही. पोरीची फी भरते. पोरगी कधी कधी शाळेतून येऊन तिच्या शेजारी उभी राहते. दोघी फारशा बोलत नाहीत.

गेल्या गुरुवारची गोष्ट. सकाळचे साडेआठ. सिग्नलला एक मोठी पांढरी खासगी गाडी उभी होती, आत टाय घातलेला माणूस, फोन स्टिअरिंगवर टेकवून वाचत होता. सिग्नल सुटला तरी मान खाली. मग तसाच निघाला, आणि रस्ता ओलांडणारी एक बाई पिशवीसकट मागे कोलमडली. लागलं नाही. फ्लोरिंदा धावत जाऊन गाडीच्या बॉनेटवर थाडकन हात मारून आडवी उभी राहिली. त्यानं काच खाली केली.

"वेडी आहेस का? बाजूला हो."

"फोन ठेव आधी!"

"ए बाई, ते तुमचं बसवाल्यांसाठी आहे. मला लागू नाही. वाचून ये." आणि त्यानं काच वर केली.

तो चुकीचं बोलत नव्हता, आमचा ठराव बसपुरताच. दंड आहे म्हणा, पण तो करायला तिथं होतं कोण? मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले, ती बाजूला झाली, तो गेला. जाताना फोन पुन्हा उचललेला मला इथून दिसला.

ती माझ्या खिडकीशी आली. श्वास लागला होता, हात लाल झाला होता. माझ्यापुढची अर्धवट कापलेली चावी तिनं बाजूला सरकवली.

"कागद काढ," म्हणाली. "आणि या वेळी अक्षर मोठं काढ. त्या गोड वकिलाला चष्मा लागलाय."